तिसरा रकाना

माझा मेव्हणा मुतलक याला मी तीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली बहुतेक वर्षं तो मला डोळ्यांसमोर नको होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याबद्दल काही चांगलं बोललो तर ते माझ्या तोंडून ओढून काढलेलं आहे एवढं लक्षात असू द्या.

उंच, हाडकुळा, कडक इस्त्रीचा पांढरा झगा आणि छातीच्या खिशात दोन पेनं, एक काळं आणि एक लाल. कुणी नुसतं म्हणालं, "आज उकडतंय," तर हा विचारणार, "किती?" माझी बायको मुनीरा त्याची धाकटी बहीण. तिला लहानपणी ताप आला की घरचे सगळे जवळ बसायचे आणि हा थर्मामीटर शोधायला जायचा, असं तीच सांगते. अशा माणसाबरोबर जेवायला बसणं ही एक शिक्षाच असते.

आम्ही दोघं खोबर शहराजवळच्या एकाच कारखान्यात होतो. मी पाळीवरचा कामगार, तो गेज तपासणारा. वाफेचा दाब दाखवणारी ती गोल तबकडी असते ना, तिचा काटा खरं बोलतो की खोटं, हे बघायचं आणि खाली स्वतःच्या सहीचा बिल्ला अडकवायचा, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं मासेमारीची होडी घेतात, शेळ्या पाळतात. यानं दोन मीटर आणि एक लॅपटॉप घेतला आणि लोकांच्या घरचे प्रोजेक्टर लावून द्यायला लागला.

खोबरात त्याला काम पुष्कळ. सिनेमा बघायचा तर पूल ओलांडून बहरीनला जा, आणि गुरुवारी संध्याकाळी पुलावर पासपोर्टच्या रांगेतच अर्धा सिनेमा संपतो. म्हणून ज्याच्या घराला तळघर आहे त्यानं तिथं पडदा लावला. मीही लावला. दहा खुर्च्या, मागच्या भिंतीत उंचावर लाकडी कपाट, कपाटात प्रोजेक्टर, आणि तो तापू नये म्हणून कपाटाच्या खालच्या अंगाला हवा आत ओढणारा पंखा. त्या कपाटाबद्दल पुढे सांगायचंच आहे.

दुकानदारानं प्रोजेक्टर लावून दिला तेव्हा चित्र माझ्या मते झकास होतं. मुनीराच्या मते नव्हतं. "सगळ्यांचे चेहरे मेल्यासारखे दिसतात," ती म्हणाली आणि मला न विचारता भावाला बोलावलं.

तो आला. मीटरची डबी त्याच्या काखेत होती. ती तो गाडीत कधीच ठेवत नाही, कारण आमच्याकडच्या उन्हात बंद गाडीत मीटरच्या आतल्या रंगीत काचा बिघडतात. शुक्रवारी मशिदीतही डबी त्याच्याबरोबर असते, नमाजाला उभा राहिला की पायाशी. इमामसाहेबांनी एकदा काळजीनं विचारलं होतं, "औषध आहे का, मुतलक?" हा म्हणाला, "नाही, डोळे आहेत."

आल्या आल्या त्यानं माझ्या सोनेरी गोंड्याच्या उशा खोलीबाहेर काढल्या. प्रोजेक्टर तासभर नुसता चालू ठेवला. मग स्वतः झग्यावर एक काळा डगला चढवला आणि मला म्हणाला, "तू बाहेर जा."

"माझ्याच घरात?"

"तुझा झगा पांढरा आहे. उजेड त्यावरून उडून पडद्यावर जातोय. मीटरला तू दिसतोयस."

मी माझ्याच तळघराच्या जिन्यात दोन तास बसलो. दाराच्या फटीतून बघत होतो. पडद्यासमोर तिवईवर मीटर, लॅपटॉप एकेक करून करडे रंग पडद्यावर सोडतोय, अगदी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, मग लाल, हिरवा, निळा. दर वेळी मीटर आकडा देणार, हा सॉफ्टवेअरमधली रेघ बघणार, रिमोटवर एक घर मागे, एक घर पुढे, आणि पुन्हा तेच. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

शेवटी आत बोलावलं. मी बघितलं आणि म्हणालो, "पिवळं आहे."

"बरोबर आहे."

"मला डोळे आहेत, मुतलक. पिवळं आहे."

"तुझ्या डोळ्यांना दुकानातल्या निळ्याची सवय लागलीय. दोन आठवडे बघ, मग मला फोन कर."

दोन आठवड्यांत ते चित्र मला इतकं आवडलं की दुसरीकडे कुठं सिनेमा बघवेना. फोन काही मी केला नाही.

जाताना त्यानं कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला. कारखान्यातलीच पद्धत. तीन रकाने. पहिला, 'आलो तेव्हा'. दुसरा, 'निघालो तेव्हा'. तिसरा, 'कारण'. पहिल्या दोनात आकडे. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'दुकानदार'. आणि खाली लाल पेनानं, 'या खोलीत ऊद जाळू नये. धुराचं तेल भिंगावर बसतं.'

यावरून बहीण-भावाचं जुंपलं. आमच्याकडे पाहुणा उठायच्या आधी त्याच्यासमोर धुपाटणं फिरवतात, तो हातानं धूर दाढीवर, कपड्यांवर घेतो आणि मगच निघतो.

"माझ्या घरातून पाहुणा ऊद न घेता जाईल?" मुनीरा म्हणाली. "लोक काय म्हणतील? भावानं बहिणीच्या घराला वाळीत टाकलं?"

"वर बैठकीत जाळ. इथं नाही."

मुनीरानं ते पाळलं. ती पाळते. मान मीही डोलवली होती. पण मी डोकेबाज माणूस. एका गुरुवारी माझ्या ध्यानात आलं की कपाटाच्या पंख्याखाली एक फळी आहे. धुपाटणं त्या फळीवर ठेवलं तर पंखा सगळा धूर आत ओढून घेतो, वरच्या झरोक्यातून सोडतो, आणि दोन मिनिटांत दहाही खुर्च्यांवर सारखा वास. खोलीत धूर म्हणाल तर दिसायला नको. मुतलकनं खोलीत जाळू नको म्हटलं होतं, कपाटाचं नाव काढलं नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं, "अबू बंदर," म्हणजे मी, बंदरचा बाप, "हा वास येतो कुठून?" मी नुसता हसायचो. चार महिने दर गुरुवारी मी असा हसलो.

पाचव्या महिन्यात चित्र मेलं. काळं होतं ते राखाडी झालं आणि माणसांच्या चेहऱ्यांवर कावीळ आली. मला दोन्हीचा संबंध लागला नाही, हे मी शपथेवर सांगतो. मला एकच वाटलं, की मुतलक चुकला. आणि खरं बोलायचं तर मला त्याचा आनंद झाला.

आता खलफबद्दल सांगायला हवं. खलफ माझ्या गुरुवारच्या बैठकीतला सर्वात जुना माणूस. त्याच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. आमच्यात कहव्याचा, म्हणजे कॉफीचा, पेला उजव्या हातानं घ्यायचा असतो. त्याला डाव्यानं घ्यावा लागतो, आणि दर वेळी तो आधी माफी मागतो. सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात त्यानं वाफेच्या नळीचा जोड सोडला. वरच्या गेजवर काटा शून्यावर होता, म्हणजे नळी रिकामी. ती भरलेली होती. गेजला पाच दिवसांपूर्वीचा बिल्ला होता, आणि बिल्ल्यावर सही मुतलकची.

चौकशी झाली. मुतलकनं गेज काढून तपासला आणि कागद भरला. आलो तेव्हा, बरोबर. निघालो तेव्हा, बरोबर. कारण, रिकामं. साहेब म्हणाले, कारण सांगता येत नाही तर चूक सही करणाऱ्याची. त्याला तपासणीतून काढून भांडारात बसवलं. तिथं त्यानं नटबोल्ट वाटत नोकरी संपवली. कारखान्यात त्याला 'आंधळा काटा' म्हणायचे. मीही म्हणायचो. खलफनं त्या दिवसापासून मुतलकच्या सलामाला उत्तर दिलं नाही, आणि खलफ येतो म्हणून मुतलक माझ्या गुरुवारांना कधी आला नाही.

तर चित्र मेलं त्या गुरुवारी सगळे जमले होते. गाझी होता, ज्याचं मोटारींचं दुकान आहे आणि ज्याच्या नव्या तळघराचं काम मुतलककडेच ठरलं होतं. खलफ होता. मी पडद्याकडे बोट दाखवलं, मोबाइल काढला, स्पीकर चालू केला आणि मुतलकला फोन लावला.

"ये आणि बघ तुझ्या मीटरचे प्रताप," मी म्हणालो. "इथं सगळ्यांना कावीळ झालीय."

"किती दिवस?"

"दिवस काय विचारतोस? एका माणसाचा हात भाजून तुझं समाधान झालं नाही का? तेव्हाही तुझा काटा बरोबरच होता ना? आता आमचे डोळे घ्यायला निघालास?"

 खलफनं उजवा हात झग्याच्या बाहीत ओढून घेतला. 

"शनिवारी येतो," मुतलक म्हणाला. "दुपारच्या नमाजानंतर." आणि ठेवला.

गाझीनं तिथंच मुतलकला निरोप धाडला की माझ्या तळघराच्या कामाला येऊ नका. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी तेच केलं. मुतलकजवळ दुकान नाही, पाटी नाही; त्याच्याजवळ फक्त त्याचा शब्द. तो मी एका फोनमध्ये संपवला होता. आंधळा काटा हे नाव पुन्हा निघालं. मला वाईट वाटलं नाही. आज वाटतं, तेव्हा नाही.

शनिवारी तो आला. मला सलाम नाही, काही नाही. काळा डगला घालून कामाला लागला. आधी त्यानं स्वतःलाच तपासलं. मीटर चुकतोय का हे बघायला दुसरा, जास्त भारी मीटर काढून दोन्ही एकाच पांढऱ्या चौकोनावर लावले. दोघांचे आकडे जुळले. मग कागदावर लिहायला लागला. पडद्यावरचा उजेड पन्नास होता, एकतीस उरला. निळा जवळजवळ निम्म्यावर. काळं तिप्पट उजळ.

"म्हणजे दिवा गेला," मी म्हणालो. "नाहीतर तू आधीच चुकीचा लावलास."

तो स्टुलावर चढला, कपाट उघडलं, कापसाचा बोळा भिंगावरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. बोळा तपकिरी झाला होता. त्यानं तो नाकाशी नेला.

"भारी ऊद आहे," तो म्हणाला. मग हवेची जाळी काढली. ती काळी, चिकट, तिच्यावर बोट ठेवलं तर बोट सुटेना. मग तो खाली वाकून फळीकडे बघत राहिला. फळीवर धुपाटण्याच्या बुडाचा गोल डाग होता, आणि राख.

"इथं कुणी ठेवलं?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी कसं सांगू? पण सांगायचं ठरवलंय. मी म्हणालो, "मुनीरानं ठेवलं असेल."

मुनीरा चहाचं तबक घेऊन जिन्यात उभी होती.

"मी?" ती म्हणाली. तबक तिनं पायरीवरच ठेवलं. "ती फळी माझ्या डोक्यावर हातभर आहे. मी काय शिडी लावून चढते, जासिर?"

 मुतलकनं आमच्या दोघांकडेही बघितलं नाही. जाळी धुऊन आणली, वाळवली, भिंग तीनदा पुसलं, आतले आरसे फुंकून, ब्रशनं साफ केले. पुन्हा तासभर प्रोजेक्टर तापवला. पुन्हा मीटर, पुन्हा करडे रंग. मुनीरा खाली खुर्चीवर बसून राहिली, तिच्या काळ्या कपड्यांची मीटरला अडचण नव्हती. मी जिन्यात, पांढऱ्या झग्यात. दार मात्र या वेळी उघडं होतं.

अंधार पडायच्या आत चित्र परत आलं. त्यानं कागद भरला. आलो तेव्हा, सगळे आकडे. निघालो तेव्हा, सगळे आकडे. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं, उचललं, टोपण लावलं आणि कागद दारावर चिकटवला.

मला ते सहन झालं नाही. दया दाखवणारा मुतलक मला रागावलेल्या मुतलकपेक्षा जास्त खुपला.

"लिही की," मी म्हणालो. "घाबरतोस कुणाला? लिही, जासिर गाढव आहे. लाव सगळ्या खोबरात."

तो डगल्याची बटणं काढत होता.

"तुझ्यापायी हा रकाना मी आधीही रिकामा सोडलाय," तो म्हणाला.

"कधी?"

"खलफच्या वेळी. गेजखालची छोटी झडप बंद होती. म्हणून काटा शून्यावर आला. ती गळत होती, आणि गळती बांधायला कुणीतरी रुमालाची लाल चिंधी बांधली होती. तसा रुमाल पाळीवर एकाकडेच होता. झडप मी उघडली, चिंधी सोडली आणि खिशात घातली."

मला लगेच आठवलं. आठवलं हेही खोटं. मी ते विसरलोच नव्हतो. गरम पाणी माझ्या नव्या बुटांवर ठिबकत होतं. मी झडप फिरवली, चिंधी बांधली आणि चहाला गेलो. आल्यावर उघडली, असं मी स्वतःला सत्तावीस वर्षं सांगत होतो, आणि जितक्या वेळा सांगितलं तितकं मुतलकला शिव्या देणं सोपं गेलं.

"मग बोलला का नाहीस?" माझा आवाज चढला. चूक माझी आणि ओरडतोय मीच. "मला कशाला उपकाराखाली ठेवलंस?"

"तुझ्यावर कसले उपकार?" मुतलक म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा राग होता. "तुझा आणि हिचा निकाह बारा दिवसांवर आला होता. आमंत्रणं गेली होती. ही आठवडाभर मेंदीच्या गोष्टी करत होती. मी हिच्यासाठी सोडला. तुला तर मी तेव्हाही ओळखून होतो."

मुनीरा भावाकडे बघत होती. "मला विचारायचंस," ती म्हणाली. "मी मोडलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यानं डबी काखेत घेतली आणि गेला. चहा तसाच पायरीवर निवला. मुनीरा उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"गुरुवारी खलफला तू सांगशील की मी सांगू?" तिनं विचारलं.

पाच दिवस ती माझ्याशी दुसरं अक्षर बोलली नाही.

गुरुवारी सगळे आले. तळघरात जायच्या आधी मी वर बैठकीत कहवा ओतायला घेतला. खलफला पहिला पेला दिला. त्यानं नेहमीसारखी डाव्या हाताची माफी मागितली आणि मला ते ऐकवेना. मी सुरईसकट त्याच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. झडप, चिंधी, बूट, चहा. रिकामा रकाना. शिवाय धुपाटण्याचंही सांगितलं, म्हणजे गाझीलाही कळलं. लांबवलं नाही, कारणं दिली नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतकं थोडक्यात कधी बोललो नसेन.

खलफनं ऐकलं. मग हातातला भरलेला पेला त्यानं न पिता समोर गालिच्यावर ठेवला. याचा अर्थ आमच्यात मुलांनाही कळतो. पाहुण्याचं काही मागणं आहे, आणि ते पुरं होईपर्यंत तो यजमानाच्या कहव्याला तोंड लावणार नाही.

"माग," मी म्हणालो. मला वाटलं तो माझी मान मागेल. मी दिलीही असती.

"मुतलकला आण," खलफ म्हणाला.

मी गेलो. दार मुतलकनंच उघडलं. मी सांगितलं की खलफनं पेला खाली ठेवलाय. तो मग आत गेला, काळं पेन खिशातून काढून पुन्हा खिशात लावलं, आणि विचारलं, "ऊद विझवलास का?" 

तो बैठकीत शिरला आणि त्यानं सलाम केला. खलफ उठून उभा राहिला. त्यानं सलामाचं उत्तर दिलं, पूर्ण, एकही शब्द न गाळता, आणि आपला उजवा हात, तो चिकटलेल्या बोटांचा, बाहीतून काढून पुढे केला. मुतलकनं तो दोन्ही हातांनी धरला. त्याच्या चेहऱ्यावर या वेळी काय होतं ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्याकडे त्याची पाठ होती.

गाझीनं सरकून दोघांना जागा दिली. नंतर खाली तळघरात जाऊन मी त्या कागदावरचा तिसरा रकाना माझ्या हातानं भरला, 'जासिर'. दुसरा कागद कारखान्याच्या दप्तरात कुठं सडला असेल कुणास ठाऊक. त्याच्यावरही तेच नाव लिहायचं राहिलंय, म्हणून हे सगळं लिहिलं.

वर आलो तेव्हा खलफचा थंड पेला टाकून गाझी नवा भरत होता. मुतलकला दिला, खलफला दिला. खलफनं डाव्या हातानं घेतला आणि या वेळी माफी मागितली नाही. मग सुरई सगळ्यांसमोरून फिरली, आणि माझ्यापाशी आली तेव्हा गाझीनं ती न ओतता खाली ठेवली.  माझा पेला मीच भरून घेतला.